टाइल कठीण, बाँड मऊ

संपादकांनी कापण्याच्या हत्यारांचा आढावा मागितला आहे. सरळ काप आधी उरकून टाकतो, कारण त्यात आता फारसं भांडण उरलेलं नाही. सेगमेंटचं पातं काँक्रीटला, अखंड कडेचं किंवा बारीक जाळीच्या टर्बो कडेचं टाइलला. जीव्हीटीवर, म्हणजे वर चकाकीचा थर दिलेल्या व्हिट्रिफाइड टाइलवर, सेगमेंट फिरवलं की वरच्या चकाकीचे टवके उडणारच. मार्बल कटरला ११० मिलिमीटरचं पातं बसतं, बाण फिरण्याच्या दिशेने ठेवायचा, पात्यावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नको. झालं.

भांडण आहे ते बाँडचं. ‘हिरा जास्त तितकं पातं चांगलं’ हे आमच्या धंद्यातले काही जाणकार अजून छातीठोकपणे सांगतात. मुंबईतल्या नागदेवीच्या गल्लीतले हत्यारांचे दुकानदार गिऱ्हाईक दुखवायला नको म्हणून त्यांना दुजोराही देतात. कापतो हिरा, पण त्याला धरून ठेवतो धातू, तोच बाँड, आणि हा धातू वेळच्या वेळी झिजला तरच बोथट हिरा गळून खालचा ताजा वर येतो. व्हिट्रिफाइड टाइल सुमारे १२०० अंशांना भाजलेली, जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषणारी, जवळजवळ काच झालेली. तिची भुकटी बारीक, धातूला फारशी खात नाही. म्हणून तिच्यासाठी बाँड मऊ हवा. उलट विटेची किंवा ताज्या काँक्रीटची भुकटी धातूला भराभर खाते, तिथे बाँड कडक. आता कडक बाँडचं, ‘मार्बलचं’ म्हणून विकलेलं पातं टाइलवर लावा. मार्बल म्हणजे कॅल्साइट, कठीणपणाच्या मोस मापावर ३. टाइलमधलं क्वार्ट्‌झ ७. दहा-बारा फुटांत पातं गुळगुळीत होतं आणि मिस्त्री म्हणतो, ‘धार गेली, फेकून द्या.’ धार गेलेली नसते, झाकलेली असते. एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकमध्ये किंवा फायर ब्रिकमध्ये चार-सहा काप मारले की हिरे पुन्हा वर येतात. जुने फरशीवाले हे न विचारता करायचे.

आता माझ्या आवडीचा विषय: भोक. जनरल इलेक्ट्रिकने कृत्रिम हिरा जाहीर केला १९५५ च्या फेब्रुवारीत. त्यानंतर औद्योगिक हिरा हळूहळू स्वस्त होत गेला, म्हणून आज सहा मिलिमीटरचं हिऱ्याचं बिट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पण स्वस्त बिट म्हणजे बहुधा निकेलच्या मुलाम्याने एकाच थराने चिकटवलेले हिरे. वाईट नाही, फक्त पाण्यावाचून चालत नाही. व्हॅक्यूम ब्रेझ केलेल्या बिटमध्येही थर एकच, पण हिऱ्याला धातूने कवेत घेतलेलं असतं. ते ग्राइंडरवर थोडा वेळ कोरडंही चालतं, काहींच्या पोटात त्यासाठी मेण भरलेलं असतं. घेताना आटे बघा: आपला चार इंची ग्राइंडर एम १० चा, पाच इंची एम १४ चा. सिंटर्ड बिट महाग, पण हिरा खोलवर पसरलेला. रोज भोकं पाडणाऱ्याने तेच घ्यावं.

हाताची पद्धत अशी. हॅमर बंद. बिट तिरकं टेकवून चंद्रकोर उमटवायची, मग सावकाश सरळ करायचं, म्हणजे ते घसरत नाही. पाण्यासाठी फरशीवर पुट्टीचं आळं करावं. उभ्या भिंतीला मदतनीस स्पंजने पाणी सोडेल. ड्रिलचा वेग बारीक बिटला हजार-पंधराशे फेरे, पस्तीस मिलिमीटरला त्याच्या निम्म्याहून कमी. मधूनमधून बिट उचलायचं, भुकटी बाहेर येऊ द्यायची. पार होताना जोर जवळजवळ सोडून द्यायचा. मागच्या बाजूचा टवका तिथेच उडतो. टाइल पार झाली की मग भिंतीत साधं कार्बाइड बिट, हॅमर चालू. पाण्याशी काम, म्हणून ड्रिल बॅटरीचा बरा, नाहीतर लाइनवर गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असलाच पाहिजे.

‘पाण्याने फक्त चिखल होतो’ म्हणणाऱ्यांशी मी बरीच वर्षं वाद घालत आलो आहे. पाणी असतं ते बिट थंड ठेवायला: हवेत सातशे-आठशे अंशांपुढे हिरा स्वतःच जळू लागतो, त्याआधी बिट निळं पडतं. पण त्यांच्याशी बोलायला आता बांधकामावर सवड कोणाला आहे? शहाबादी आणि कडप्प्यावर हात बसलेली माणसं गेली, फुटावर मजुरी ठरते, मोरबीहून ८०० बाय १६०० चे पत्र्यासारखे स्लॅब येतात आणि बंद बाथरूममध्ये विशीतला मुलगा तोंडाला रुमाल बांधून ते कोरडे कापतो. त्या पांढऱ्या धुरळ्यात सिलिका असते, तिने होणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही. ठेकेदाराला पाण्याची बादली परवडत नाही, असं मी अजून मानायला तयार नाही.

तेव्हा घर करणाऱ्यांना एकच विनंती. टाइल घेताना दोन जास्तीच्या मागा. नळाचं भोक पाडायला आलेल्या माणसाला पहिलं भोक त्यातल्या एकीवर, पाणी घालून पाडायला लावा. टवका उडाला तर त्याला नाही, बिट निवडून देणाऱ्याला जाब विचारा.