हट्ट नव्हे, डिस्टोनिया

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चतुर्विध दानाची परंपरा आपल्या घरांतून चालत आलेली आहे. कधी कधी औषधदानाचा आरंभ आपल्याच घरातील लेकरापासून करावा लागतो. कळंबसारख्या बाजारपेठेच्या गावी सेरेब्रल पाल्सी असलेले मूल घरात असले, की ‘याला काही उपाय नाही’ असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. ते खरे नाही.

जन्मवेळी प्राणवायू कमी पडल्याने किंवा नवजात अवस्थेतील तीव्र काविळीने मेंदूतील हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांना इजा होते. अशा मुलाला हाक मारताच, आनंद होताच किंवा वस्तूकडे हात नेताच त्याची मान वळते, हात पिळवटतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. झोप लागताच शरीर बहुधा सैल पडते. हाच डिस्टोनिया. स्नायूंचा नेहमीचा ताठरपणा याहून निराळा असतो; दोन्ही एकत्रही असू शकतात. घरचे त्याला हट्ट समजतात. म्हणून अशा प्रसंगांचे मोबाईलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावे.

प्रथम वेदनेचा शोध घ्यावा. बद्धकोष्ठता, आम्लपित्त, दातदुखी, निखळलेला खुबा किंवा अपुरी झोप यांनी डिस्टोनिया बळावतो. त्यासोबत फिजिओथेरपी आणि योग्य आधाराची खुर्ची हवी. बॅक्लोफेन, ट्रायहेक्सिफेनिडिल, गॅबापेंटिन ही औषधे अल्प मात्रेपासून वाढवतात. सर्वांनाच गुण येतो असे नाही. मोजक्या स्नायूंसाठी बोटुलिनमचे इंजेक्शन असते. त्याचा परिणाम सुमारे 3 महिने टिकतो. तीव्र त्रासात मणक्याच्या पोकळीत बॅक्लोफेन सोडणारा पंप किंवा मेंदूत विद्युत्‌तारा बसविण्याची शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. जन्मवेळी काही बिघडले नसेल आणि त्रास संध्याकाळी वाढत असेल, तर लेव्होडोपा देऊन पाहण्याविषयी अवश्य विचारावे. त्या औषधाने उत्तम सुधारणारा एक आजार सेरेब्रल पाल्सीसारखाच भासतो.

आपल्या आचाराशी निगडित एक गोष्ट महत्त्वाची आहे. रात्रिभोजनत्याग किंवा पर्वातील उपवास यांसाठी बॅक्लोफेन एकाएकी बंद करू नये. त्यामुळे झटके, भ्रम व तीव्र ताप येऊन जीवावर बेतू शकते. चातुर्मासापूर्वीच डॉक्टरांशी बोलून मात्रांच्या वेळा ठरवाव्यात. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. गोळी किंवा पातळ औषध मिळेल का, हे विचारावे. शरीर थांबता न थांबता पिळवटू लागले, ताप चढला किंवा श्वास अडखळला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

पहिल्या तपासणीसाठी लातूर वा सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा बालरोग विभाग आहे; पंप व शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र काढून घ्यावे. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

उपचारांपूर्वी एक साधे उद्दिष्ट ठरवावे: रात्रभर झोप, दुकानात वडिलांशेजारी तासभर बसणे, किंवा सर्वांसोबत कुंथलगिरीचे दर्शन. तीन महिन्यांनी ते कितपत साधले, हे डॉक्टरांसमवेत पाहावे. एरवी दर्शनाच्या दिवशी जे लेकरू घरीच ठेवले जाते, त्याची जागाही गाडीत आधीच राखून ठेवावी.