फोंड्याची साफा मशीद

गोव्यातल्या फोंड्याच्या साफा मशिदीला घुमट नाही, मिनारही नाहीत. उंच जोत्यावर एकच आयताकृती दालन, वर चहूबाजूंनी उतरतं कौलारू छप्पर. विजापूरच्या ज्या घराण्याच्या अमलात ती १५६० साली उभी राहिली, त्याच घराण्याने पुढच्या शंभर वर्षांत गोलघुमट बांधला. पण घाटाखाली उतरल्यावर आदिलशाहीने इथल्या हवामानाचं ऐकलं, आणि मला या मशिदीचं मोठेपण त्यातच वाटतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस झटकन खाली उतरवायचा तर उतरतं छप्परच हवं.

दगडही इथलाच, जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, चिरे सहज पडतात, आणि वारा लागला की कठीण होतो. मात्र अंगाने तो भरड आणि सच्छिद्र. त्याच्यावर नाजूक नक्षी टिकत नाही. म्हणून कारागिरांनी सगळं सौंदर्य आकारांतून साधलं आहे: भिंतींवरच्या कमानी, जोत्याचे थर, भोवतीच्या अष्टकोनी खांबांचे उरलेले अवशेष. सकाळचं ऊन तिरपं पडलं की कमानींच्या कडा उठून दिसतात, एवढाच काय तो अलंकार.

मशिदीच्या दक्षिणेला तळी आहे, आणि माझं मन सर्वांत जास्त तिथे गुंततं. चिऱ्यांनी बांधून काढलेल्या तिच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे आहेत. नमाजाआधी वजू करायला पाणी हवं, पण नुसत्या गरजेपुरतं बांधायचं तर साधा हौदही पुरला असता. पाण्याच्या कडेलासुद्धा प्रार्थनास्थळाचीच रेषा असावी, असं ज्याला वाटलं त्या अनाम गवंड्याला मनापासून सलाम करावासा वाटतो. फोंड्यातल्या देवळांनाही अशाच तळ्या आहेत. पाण्याला मान देणारी ही जाण दोन्हीकडे सारखीच दिसते.

मशिदीचं श्रेय पुष्कळदा इब्राहिम आदिलशहाला दिलं जातं. पण पहिला इब्राहिम १५५८ मध्ये वारला होता; १५६० साली गादीवर पहिला अली आदिलशहा होता. हे वर्ष गोव्याच्या इतिहासात फार जड आहे. तिसवाडी १५१० पासून पोर्तुगीजांकडे होती, साष्टी आणि बारदेशही १५४३ पर्यंत गेले होते, आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं. त्याच साली पोर्तुगीज मुलखातल्या कुशस्थळीचा देव मंगेश नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, प्रियोळला आला. सुलतानाच्या मुलखात देवाला आसरा मिळाला आणि त्याच मुलखात त्याच वर्षी ही मशीद उभी राहिली. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या जायला हव्यात. आपण त्या वेगवेगळ्या सांगतो. पुढे १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला, १७६३ मध्ये हा भाग पोर्तुगीजांकडे गेला.

आज ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. जांभ्याला मात्र दरसाल निगा लागते. सांध्यांत रुजलेलं रोप वेळीच उपटलं नाही, तर मूळ चिरा हलवतं. मंगेशी आणि कवळ्याच्या शांतादुर्गेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ही मशीद लांब नाही, फोंडा शहरालगतच आहे. तिथे गेलात तर आधी तळीकडे वळा आणि खालून वर पाहा. जोत्याची उंची तिथूनच खरी कळते.