सलग सतरा

फेरो बेटांवरच्या महिला फुटबॉल लीगचा किताब 2000 ते 2016 या काळात दरवर्षी एकाच क्लबकडे गेला: केआय क्लाक्सविक. सलग सतरा वेळा. मोठ्या देशात असं झालं असतं, तर आधी पैसा कुठून आला ते शोधलं असतं. इथे तसलं काही नाही. क्लाक्सविक हे बोरोय बेटावरचं सुमारे पाच हजार वस्तीचं गाव. उंच डोंगरांमध्ये वसलेलं, मासेमारीवर जगणारं. 1888 पासून चालू असलेला बिअरचा कारखाना हा गावाचा दुसरा अभिमान.

फेरो हा डेन्मार्कच्या राज्यातला स्वायत्त प्रदेश. अठरा बेटं आणि माणसं जेमतेम 54 हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात एवढी सहज भरतात. तरी फिफाचं सदस्यत्व 1988 पासून, युएफाचं 1990 पासून, आणि तेही स्वतःच्या नावावर. म्हणूनच इथली लीग जिंकली की थेट युरोपच्या स्पर्धेचं दार उघडतं.

खरी अडचण माणसांची. शिक्षणासाठी मुली डेन्मार्कला जातात आणि त्यातल्या बऱ्याच परतत नाहीत. बेटांवर पुरुषांपेक्षा बायका सुमारे दोन हजारांनी कमी असल्याचं काही वर्षांपूर्वी जगभरच्या वृत्तपत्रांनी छापलं होतं. एकोणीस-वीस वर्षांची खेळाडू रंगात येते न येते तोच बोटीत किंवा विमानात बसते. अशा ठिकाणी दोन चांगल्या मुली गेल्या की संघ कोसळतो. उलट, पाच-सहा जणी गावातच टिकल्या की त्यांना अडवणारं कुणी उरत नाही. केआयच्या दबदब्यामागे कौशल्य होतंच, पण हे गणितही होतं. क्लबसाठी आणि राष्ट्रीय संघासाठीही वर्षानुवर्षं गोल करणारी रन्वा अँड्रिआसन हे अशा टिकलेल्या खेळाडूचं ठळक नाव.

मैदानाचाही वाटा आहे. खडकाळ जमीन, सततचा पाऊस आणि वारा यांमुळे गवताचं धड मैदान मिळणं कठीण. 1990 मध्ये फेरोच्या पुरुषांनी ऑस्ट्रियाला 1-0 असं हरवलं, तो 'घरचा' सामनासुद्धा स्वीडनमधल्या लँड्सक्रोनाला खेळावा लागला होता. पुढे कृत्रिम गवत आलं. ते चिखलात जात नाही, त्यामुळे एकाच मैदानावर पोरंटोरं, बायका, पुरुष सगळ्यांच्या सरावाच्या पाळ्या लावता येतात.

2001 मध्ये युरोपातल्या महिला क्लबांची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी केआय तिथे होता आणि लीगचा किताब हातात असेपर्यंत दरवर्षी जात राहिला. सुरुवातीच्या फेरीत चार संघ एका ठिकाणी जमायचे आणि आठवड्याभरात प्रत्येकाचे तीन सामने व्हायचे. नोकरी-कॉलेज सांभाळून खेळणाऱ्या या बायकांचा प्रवास बहुधा तिथेच संपायचा. पण हरलं तरी तीन सामने पदरात पडायचे, आणि वर्षभर त्याच त्या शेजाऱ्यांशी खेळणाऱ्या संघाला त्याचं मोल फार.

मक्तेदारी मोडली 2017 मध्ये. मोडणाऱ्या संघाचं नाव ईबी/स्ट्रेमूर/स्काला. एकेका गावाला अकरा जणी जमवणं जड, म्हणून शेजारच्या गावांच्या क्लबांनी मोट बांधली. नावातल्या तिरप्या रेघा त्याच्याच. पुढच्या वर्षीही तेच जिंकले. केआयने नंतर किताब परत मिळवला. मात्र 2021 पासून युरोपातली पहिली फेरी बाद पद्धतीची झाली आहे. पहिला सामना गमावला, की उरतो तो फक्त तिसऱ्या क्रमांकाचा.