‘काढणे’ आणि ‘कापणे’ : जीपच्या सांगाड्यावरील वेल्डिंगचे भाग अलग करण्याविषयी

धंद्यातील बोलीचे शब्द टिपण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखक वांगणीजवळच्या एका वाहनदुरुस्तीच्या दुकानात बसला होता. एका जुन्या जीपच्या पुढील भागावर कोणीतरी हौसेने बसविलेला जाडजूड लोखंडी गार्ड होता. मिस्त्रींनी शिकाऊ मुलास आज्ञा केली, “तो गार्ड काढ.” मुलाने बरेचसे जोड कापले व उरलेल्या जोडावर घण घातला. गार्ड निघाला, परंतु त्याच्याबरोबर सांगाड्याच्या पत्र्याचा नखाएवढा तुकडाही निघून आला. ज्या सांगाड्यावर इंजिन, चाके व माणसे यांचा भार असतो, त्याला पडलेले ते भोक होते. मुलाने आज्ञा मोडली नव्हती, उलट ती अक्षरशः पाळली होती. दोष काही अंशी ‘काढ’ या क्रियापदाचा होता.

मराठीत टोपी काढतात, खिळा काढतात, बोल्टही काढतात. जे वर घातले किंवा आत बसविले ते मूळ वस्तूला धक्का न लावता परत घेता येते, ही समजूत या क्रियापदात गृहीत आहे. तांबटाच्या झाळण्याच्या कामी ती बऱ्याच अंशी खरीही आहे. झाळण्यात किंवा डाख देण्यात फक्त मधला धातू वितळतो, भांड्याचा धातू वितळत नाही. म्हणून पुन्हा उष्णता दिली की सांधा सुटतो. वेल्डिंगची गोष्ट निराळी. ‘वितळजोडकाम’ हा पारिभाषिक शब्द बोजड वाटला तरी नेमका आहे : येथे दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळतात आणि थिजल्यावर एकजीव होतात. असा सांधा निघत नाही. तो कापावा लागतो. दुकानातला ‘टाका’ हा शब्दही असाच फसवा आहे. शिंप्याचा टाका उसवता येतो. वेल्डिंगचा छोटा टाका मात्र झपाट्याने थंड झाल्यामुळे कडक व ठिसूळ असू शकतो आणि ओढाताण केल्यास तेथूनच भेग सुरू होते.

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून शिडीच्या आकाराच्या सांगाड्याची वाहने आपल्या खेड्यापाड्यांत पसरली आणि त्यांवर गार्ड, पायऱ्या, आकडे जोडण्याची चाल पडली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, परवानगीबाहेरील प्रत्येक फेरबदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हीही होऊ शकतात. म्हणून पुष्कळ वाहनांवरील हे भाग आता उतरविले जातात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम कारखान्याचे मूळ जोड कोणते व मागाहून घातलेले कोणते, हे खडूने खुणा करून ठरवावे. मूळ जोडांस हात लावू नये. वाहन सपाट जागी घेऊन चाकांपुढेमागे ठोकळे लावावेत. खाली जावयाचे असल्यास केवळ जॅकवर विसंबून न राहता घोडीचा आधार द्यावा. बॅटरीची ऋण तार आधी सोडावी. इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या पुष्कळदा सांगाड्याच्या आतल्या अंगाने जातात, म्हणून कापावयाच्या जागेची पलीकडची बाजूही पाहावी. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर उतरवून दूर न्यावी. रिकाम्या टाकीत वाफ साठलेली असते आणि ती भरलेल्या टाकीहून अधिक घातक ठरू शकते. ठिणग्या ११ मीटरपर्यंत जाऊ शकतात असे धरून तेवढ्या टापूतील चिंध्या, तेल व वाळलेले गवत दूर करावे, अग्निशामक जवळ ठेवावा, आणि काम संपल्यावरही तासभर जागेवर नजर ठेवावी.

गॅस कटरची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापते, आणि सुमारे ७२७ अंशांपुढे पोलादाची अंतर्गत रचना बदलू लागते. म्हणून गॅस वापरावयाचा तर तो जोडलेला भाग सांगाड्यापासून दूर तोडून हलका करण्यापुरताच. सांगाड्यालगतचे काम ग्राइंडरने करावे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापविल्यास त्याच्या धुराने थंडीताप येतो, तेव्हा मुलामा आधी घासून टाकून मोकळ्या हवेत काम करावे.

शंभर मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिच्या कडेचा वेग तासाला २०० किलोमीटरच्या पुढे जातो. ती फुटली तर डोळा वाचत नाही. म्हणून ग्राइंडरचे कवच कधीही काढू नये, चकतीवरील मुदत पाहावी, कापण्याच्या चकतीने आडवे घासू नये, चष्म्यावर मुखवटा घालावा आणि चकतीच्या रेषेत उभे राहू नये. कापताना भाग खाली झुकला की चकती फटीत आवळते व यंत्र अंगावर उसळते. यासाठी शेवटचा काप घेण्यापूर्वी त्या भागास खालून आधार द्यावा.

काप नेहमी जोडलेल्या भागाच्या अंगाने घ्यावा आणि सांगाड्यावर दोन-तीन मिलिमीटर अवशेष ठेवावा. तो नंतर थोडा थोडा, सांगाड्याच्या लांबीच्या दिशेने घासावा. आडव्या ओरखड्यातून भेग पडण्याचा संभव अधिक. पोलाद निळसर दिसू लागले तर हात थांबवावा. सपाटी येताच थांबावे. खळगा पडू देण्यापेक्षा किंचित उंचवटा राहिलेला बरा. शेवटी भेदक रंगाने भेगांची तपासणी करावी. भेग दिसल्यास तिच्यावर वेल्डिंगचा थर देऊन ती झाकू नये. निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे जाणकाराकडून दुरुस्ती करून घ्यावी. जोडपट्टीमागे साठलेले पाणी सांगाडा आतून खाते. उल्हास नदीच्या पुराने २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून धरली होती. अशा प्रदेशात उघड्या पडलेल्या धातूवर त्याच दिवशी जस्तयुक्त रंग देणे अगत्याचे आहे.

धंद्याची परिभाषा शिकाऊ मुलाच्या हाताला वळण लावीत असते. ‘काढ’ म्हटले की हात ओढतो, हाणतो. ‘गार्डाच्या अंगाने काप, मग घास’ म्हटले की तोच हात कोठून कापावे ते पाहतो. मिस्त्रींनी एवढे एक क्रियापद बदलले तरी सांगाडा व शिकणारा दोघेही सुखरूप राहण्याचा संभव वाढेल.