आयोडीन न घेणाऱ्या गाठी

थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात ते ‘एनआयएस’ या प्रथिनामुळे. किरणोत्सारी आयोडीन-१३१ च्या उपचाराची सगळी मदार त्याच्यावर. थायरॉइडच्या पसरलेल्या काही कर्करोगांत मात्र बीआरएएफ किंवा आरएएस जनुकातल्या बिघाडामुळे वाढीचे संदेश अखंड चालू राहतात, एनआयएस बनणं मंदावतं आणि डोस कितीही वाढवा, गाठीत शिरतच नाही.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये वेगळी वाट दाखवली. वाढीचे हे संदेश रोखणारं सेल्युमेटिनिब हे औषध चार आठवडे द्यायचं आणि आयोडीन-१२४ वापरून आधी व नंतर पेट स्कॅन काढायचा. २० पैकी १२ रुग्णांत शोषण वाढलं. त्यातल्या ८ जणांत ते उपचाराला पुरेल इतकं होतं. आयोडीन-१३१ दिल्यावर ५ जणांच्या गाठी बऱ्याच आकसल्या, तिघांचा आजार स्थिरावला. आरएएस गटातल्या एनआरएएस जनुकात बिघाड असलेले पाचही रुग्ण या आठांतलेच!

तरी हुरळून जाऊ नये. आकडे लहान आहेत. जास्त जोखमीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर आयोडीनच्या जोडीनं हेच औषध देणाऱ्या ‘अ‍ॅस्ट्रा’ चाचणीत पूर्ण रोगमुक्तीचं प्रमाण वाढलं नाही. बीआरएएफ बिघाड असेल तर डॅब्राफेनिबसारखी औषधं वापरून पाहिली जातात. आणि औषध कोणतंही असो, आयोडीन-१३१ घेण्याआधी काही दिवस आयोडीनयुक्त मीठ बंद.