गुंगीचं औषध देऊन अत्याचार : शिक्षा नेमकी किती होते आणि ती ठरते कधी?

मे २०२५ची गोष्ट. सांगलीत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीला पेयातून गुंगीचं औषध दिलं आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार केला, अशी तक्रार पोलिसांत दाखल झाली. तिघांना अटक झाली. ही बातमी रहिमतपुरात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायला वेळ लागला नाही. पाठोपाठ तीन प्रकारचे मेसेज सुरू झाले.

पहिला : "फाशीच द्या."
दुसरा : "काही होत नाही, दोन-तीन वर्षांत सुटतात."
तिसरा : "ती मुळात तिथं गेलीच कशाला?"

सांगलीच्या प्रकरणात आरोप सिद्ध होतात की नाही, हे न्यायालय ठरवेल. पण हे तीन मेसेज अशा प्रत्येक बातमीखाली दिसतात. म्हणून कायदा या तिघांबद्दल काय म्हणतो, ते एकदा समजून घेऊ.

"काही होत नाही" हे खरं आहे का?

आपल्याकडे गुंगीचं औषध देऊन बलात्कार असा वेगळा गुन्हा नाही. दोन गुन्हे एकत्र लावले जातात.

पहिला गुन्हा बलात्काराचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ६३मध्ये बलात्काराची व्याख्या आहे. नशेमुळे किंवा कुणी दिलेल्या गुंगीच्या पदार्थामुळे आपण कशाला संमती देतोय हेच स्त्रीला कळत नसेल, तर ती संमती कायद्याच्या लेखी संमतीच नाही. अशा गुन्ह्याला कलम ६४ नुसार किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

दुसरा गुन्हा गुंगीचा पदार्थ देण्याचा, कलम १२३. इथे कमाल १० वर्षं शिक्षा आहे, पण किमान शिक्षा ठरवलेली नाही.

आरोपी एकापेक्षा जास्त असतील तर कलम ७० लागतं. त्यात प्रत्येकाला किमान २० वर्षं. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पॉक्सो कायदाही लागतो आणि तिथे संमतीचा प्रश्नच उरत नाही. बेशुद्धावस्थेतले व्हिडिओ काढून धमकावलं असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं वेगळी.

म्हणजे दोष सिद्ध झाला तर दोन-तीन वर्षांत सुटका नाही. पूर्वी 'पुरेशी आणि विशेष कारणं' देऊन न्यायाधीश किमान शिक्षेच्याही खाली जाऊ शकत होते. २०१३च्या दुरुस्तीनं ती वाट बंद केली. २०१८मध्ये किमान शिक्षा ७ वर्षांवरून १० वर्षांवर गेली. मात्र गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता, तोच लागतो. म्हणून २०१५च्या गुन्ह्याचा निकाल आज लागला तरी त्यात जुनी, ७ वर्षांची किमान शिक्षाच धरली जाते.

मग १० अधिक १० म्हणजे २० वर्षं का होत नाहीत?

निकालाच्या बातमीत हमखास एक ओळ असते, 'सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत'. समजा, बलात्कारासाठी १० वर्षं आणि गुंगीचं औषध दिल्याबद्दल ५ वर्षं शिक्षा झाली. दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात, म्हणून प्रत्यक्ष तुरुंगवास १० वर्षांचाच. एकाच घटनेत घडलेल्या गुन्ह्यांच्या शिक्षा साधारणपणे एकत्र चालाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत म्हटलं आहे. खटला चालू असताना तुरुंगात काढलेला काळही यातून वजा होतो.

थोडक्यात, औषध दिल्याचं सिद्ध झालं म्हणून तुरुंगातली वर्षं आपोआप वाढत नाहीत.

पण कलम ६४च्या दुसऱ्या भागात एक तरतूद आहे, जिची बातम्यांत फारशी चर्चा होत नाही. संमती देण्यास असमर्थ असलेल्या स्त्रीवर बलात्कार हा तिथे जास्त गंभीर प्रकार मानला आहे. याच यादीत दवाखान्यातल्या रुग्णावर तिथल्याच कर्मचाऱ्यानं केलेला, नातेवाइकानं किंवा शिक्षकानं केलेला आणि एकाच स्त्रीवर वारंवार केलेला बलात्कारही येतो. इथे किमान शिक्षा १० वर्षंच आहे, पण जन्मठेप म्हणजे 'उरलेलं नैसर्गिक आयुष्य', असं कायद्यातच लिहिलंय.

आणखी एक मोठा फरक पडतो. या भागाखाली खटला असेल, शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि 'माझी संमती नव्हती' असं तिनं कोर्टात सांगितलं, तर न्यायालयाला संमती नव्हती असंच गृहीत धरावं लागतं. उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर जाते. ज्या प्रकरणात पीडितेला मधले काही तास आठवतच नाहीत, तिथे याला किती महत्त्व आहे, बघा. म्हणून आरोपपत्रात हे कलम आलंय का, हे तक्रारदाराच्या वकिलानं तपासायलाच हवं.

"फाशीच द्या" यावर कायदा काय म्हणतो?

बलात्काराच्या गुन्ह्यात फाशीची तरतूद मोजक्याच ठिकाणी आहे. पीडितेचा मृत्यू झाला किंवा ती कायमची अचेतन झाली तर, मुलगी १२ वर्षांखालची असेल तर, १८ वर्षांखालच्या मुलीवर सामूहिक बलात्कार झाला तर, किंवा आरोपी आधीच अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला असेल तर. सज्ञान तरुणीला गुंगी देऊन झालेला बलात्कार एरवी यात बसत नाही.

आणि फाशी सुनावली तरी ती टिकेलच असं नाही. २०१३च्या मुंबईतल्या शक्ती मिल प्रकरणात तिघांना फाशी झाली होती. २५ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती बदलून मरेपर्यंत जन्मठेप केली.

"ती तिथं गेलीच कशाला?"

कायद्याची भाषा इथे नीट वाचा. 'नशेमुळे किंवा दिलेल्या पदार्थामुळे' असं लिहिलंय. म्हणजे ती स्वतःहून प्यायली होती, असं जरी मानलं, तरी तिला काही समजत नसताना केलेला संबंध हा बलात्कारच. शिक्षा ठरवताना ती कुठे गेली होती, कुणाबरोबर होती, हा प्रश्न येत नाही. उलट 'मीही प्यायलो होतो' हा स्वतःहून नशा केलेल्या आरोपीचा बचाव ठरत नाही.

हे वाक्य कायद्यात आलं ते महाराष्ट्रातल्या एका खटल्यानंतर. १९७२मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. तिनं विरोध केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, अशा कारणांवरून सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्ये दोघांना सोडलं. त्यावर चार कायदेतज्ज्ञांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३मध्ये कायदा बदलला. किमान शिक्षा आली आणि नशेतल्या संमतीचं कलमही त्याच दुरुस्तीतून आलं.

खटला अडतो कुठे?

१९९४मध्ये जळगावचं प्रकरण बाहेर आलं. मुलींना गुंगीचं औषध देऊन अत्याचार करायचा, फोटो काढायचे आणि धमकावायचं, असे आरोप होते. तपास राज्याच्या सीआयडीकडे गेला, त्यात मीरां चढ्ढा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकारी होत्या. पण बदनामीच्या भीतीनं फार थोड्या मुली न्यायालयापर्यंत पोहोचल्या आणि औषधाचा पुरावा तर तोवर शरीरातून केव्हाच निघून गेला होता.

आजही अडचण हीच आहे. अशा गुन्ह्यांत वापरली जाणारी बहुतेक औषधं रक्तात साधारण दोन दिवस आणि लघवीत जास्तीत जास्त १२० तास, म्हणजे पाच दिवस, सापडू शकतात. जीएचबीसारखं द्रव्य लघवीतूनही १०-१२ तासांत नाहीसं होतं.

परदेशातले दोन गाजलेले निकाल बघा. फ्रान्समध्ये जिझेल पेलिको यांच्या पतीनं त्यांना वर्षानुवर्षं औषधं देऊन परक्या पुरुषांना घरी बोलावलं. डिसेंबर २०२४मध्ये सगळे ५१ आरोपी दोषी ठरले, पतीला २० वर्षं झाली. ऑस्ट्रेलियात बालेश धनखड या भारतीय वंशाच्या माणसाला पाच कोरियन तरुणींना गुंगी देऊन केलेल्या गुन्ह्यांसाठी मार्च २०२५मध्ये ४० वर्षांची शिक्षा झाली, त्यातली ३० वर्षं पॅरोलशिवाय. दोन्हीकडे आरोपींनी स्वतःच काढलेले व्हिडिओ पोलिसांच्या हाती लागले होते. पीडितेला काही आठवत नसलं तरी पुरावा होता.

पेलिको प्रकरण आपल्याकडे घडलं असतं तर? बाहेरून आलेले पुरुष बलात्काराचे आरोपी ठरले असते. नवऱ्यावर औषध दिल्याचा आणि इतरांना मदत केल्याचा गुन्हा लागला असता. पण त्यानं स्वतः केलेला अत्याचार आपल्या कायद्यात बलात्कार ठरत नाही, कारण १८ वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला अजूनही सूट आहे.

म्हणजे रहिमतपुरात कुणावर अशी वेळ आली तर?

आधी दवाखाना. सरकारी असो वा खासगी, मोफत उपचार नाकारता येत नाहीत आणि त्यासाठी आधी एफआयआर असण्याची गरज नाही. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय हे जिल्ह्याचं मुख्य सरकारी रुग्णालय. 'मला काहीतरी दिलं असावं' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि रक्ताबरोबर लघवीचाही नमुना घ्यायला सांगा. शक्य असेल तर नमुना देण्याआधी लघवीला जाऊ नका. त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. ग्लास, बाटली, मोबाईलमधले मेसेज सांभाळून ठेवा.

गुन्हा कुठेही घडलेला असो, रहिमतपूर पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. तातडीसाठी ११२ नंबर. मोफत वकिलासाठी आणि मनोधैर्य योजनेतल्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.

पाच दिवस उलटून गेले असतील तरी तक्रार करा. औषधाचा अहवाल नसेल तर कलम १२३ सिद्ध करणं अवघड जातं, पण बलात्काराचा खटला तेवढ्यानं पडत नाही. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्या एकटीच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६मध्येच सांगितलंय. आणि गावकीत बसून 'मिटवून घ्या' म्हणणाऱ्यांसाठी : तडजोड झाली म्हणून बलात्काराची शिक्षा कमी करता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये सांगून ठेवलंय.

शिक्षेचा आकडा न्यायाधीश वाचून दाखवतात तो काही वर्षांनी. पण त्याचा पाया पहिल्या पाच दिवसांत घातला जातो, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आणि घरात. तिथे कुणीतरी तिला "तू गेलीसच कशाला?" विचारलं, तर ती गप्प बसते आणि ते पाच दिवस निघून जातात. पुढच्या वेळी ग्रुपवर अशी बातमी आली, तर फाशीच्या मेसेजऐवजी १२० तासांची ही माहिती पुढे पाठवा.