नाताळचा निवडुंग आणि खानदेशचा उन्हाळा



निवडुंग म्हटला कीं खानदेशांतील माणसाच्या डोळ्यांपुढें शेताचा बांध उभा राहतो. काटे, पांढरा चीक आणि महिनोन्‌महिने पाण्यावांचून हिरवें राहणारें अंग, ही त्याची ओळख. हीच ओळख मनांत धरून जळगांव-धुळ्याकडील हौशी मंडळी रोपवाटिकेंतून ‘ख्रिसमस कॅक्टस’ नांवाची कुंडी घरीं आणतात, ती गच्चीवर भर उन्हांत ठेवतात, वाळूंत लावतात आणि पाणी हात आंखडून देतात. वैशाख सरतो न सरतो तोंच रोप वाळून जातें. “निवडुंगसुद्धां आमच्याकडे जगत नाहीं,” असे उद्गार मग निघतात. यांत दोष रोपाचा नाहीं, आणि सर्वस्वीं हवेचाही नाहीं. दोष आहे तो नांवाचा.

बांधावरचा चिकाचा थोर किंवा शेर हा शास्त्रदृष्ट्या कॅक्टस नव्हेच; तो एरंडाच्या कुळांतला. कॅक्टसाचें कूळ जवळजवळ सर्वच्या सर्व अमेरिका खंडांतलें. आपल्याकडचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, पण तोही परदेशांतून आलेला. दक्षिण हिंदुस्थानांत तो इतका माजला कीं १९२६ सालीं श्रीलंकेहून त्याच्यावर जगणारा एक किडा मुद्दाम आणून सोडावा लागला.

नाताळच्या निवडुंगाचें माहेर कोठलें म्हणाल, तर ब्राझिलांत, रिओ दि जानेरोच्या आसपासच्या डोंगरांतलें. तेथें वाळवंट नाहीं. दाट अरण्य आहे, धुकें आहे. तेथें हें रोप झाडांच्या बेचक्यांत आणि खडकांच्या फटींत, सांचलेल्या पाल्याच्या कुजक्या भुग्यावर वाढतें. तें बांडगूळ नव्हे. झाडाचा रस तें शोषीत नाहीं, केवळ आश्रय घेतें. १८५८ सालीं लमेर या वनस्पतिशास्त्रज्ञानें श्लुंबर्गेर नांवाच्या फ्रेंच संग्राहकाच्या सन्मानार्थ या जातीला ‘श्लुंबर्गेरा’ असें नांव दिलें. त्याला पान म्हणून नाहींच. एकापुढें एक जोडलेलीं चपटीं पेरें हेंच खोड आणि हींच पानें.

ज्यांच्या घरीं ब्रह्मकमळ आहे त्यांना हें सारें नवें वाटूं नये. पावसाळ्यांत ज्याच्या फुलासाठीं घरेंच्या घरें रात्रीं जागतात, तें आपलें ब्रह्मकमळही असाच अरण्यांतला, मेक्सिकोकडचा कॅक्टस आहे. (हिमालयांतलें खरें ब्रह्मकमळ अगदींच निराळें.) ब्रह्मकमळ आपण कधीं गच्चीच्या उन्हांत तापत ठेवीत नाहीं, ओसरीच्या कडेला, सकाळचें कोंवळें ऊन मिळेल अशा जागीं ठेवतों. नाताळच्या निवडुंगाचाही तोच मान राखावा. पेरें लालसर-जांभळीं दिसूं लागलीं कीं ऊन अधिक होत आहे असें समजावें.

मातीविषयीं एकच गोष्ट निक्षून सांगतों: शेतांतली काळी माती कुंडींत घालूं नये. कपाशीला ती सोनें आहे. परंतु कुंडींत ती ओली असतां चिखल होते आणि सुकली कीं भेगाळून मुळें तोडते. पालापाचोळ्याचें जुनें खत, नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडी जाड वाळू व विटांचे खडे इतकें पुरे. वरची माती बोटाला कोरडी लागली म्हणजे पाणी द्यावें, पण बशींत तें सांचूं देऊं नये. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें कुंडीवर पांढरा थर धरतो. यास्तव पावसाचें चार बादल्या पाणी झांकून ठेवल्यास तें कामीं येतें.

आतां फुलांकडे वळूं. हें झाड दिवस किती लहान झाला यापेक्षां रात्र किती लांबली हें ओळखतें. बारा-तेरा तासांचा अखंड अंधार आणि गारवा सुमारें सहा आठवडे मिळाला कीं पेरांच्या टोंकाला कळ्या फुटतात. म्हणूनच ब्राझिलांत त्याला ‘मे महिन्याचें फूल’ म्हणतात. कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला त्या सुमारास रात्री लांबत असतात. जळगांवास ऑक्टोबरच्या मध्यापासून रात्र बारा तासांहून मोठी असते व डिसेंबरांत ती तेरा तासांपर्यंत जाते. म्हणजे निसर्गानें आपलें काम केलेलें आहे. बिघडवितो तो ओसरीवरचा विजेचा दिवा. दिवाळीचा आकाशकंदील चार रात्रीं जळला तर फारसें बिघडणार नाहीं. परंतु रोज रात्रीं दहा-अकरापर्यंत दिवा जळत असेल त्या जागीं फूल येण्याची आशा कमीच. संध्याकाळीं कुंडी अंधाऱ्या खोलींत न्यावी. एकदां कळी दिसली कीं मात्र जागा बदलूं नये, कुंडी फिरवूं नये; कळ्या गळतात.

खरी कसोटी उन्हाळ्याची. पारा ४५ अंशांकडे जातो, वारा भट्टीसारखा वाहतो आणि पुष्कळ घरांत नळाला पाणी रोज येत नाहीं. रावेर-यावलकडचे केळीवाले बागेभोवती शेवरी लावून हा वारा अडवितात. तीच युक्ति घरीं करावी. उत्तरेच्या पडवींत, इतर झाडांच्या घोळक्यांत, मोठ्या मातीच्या कुंडींत ओली वाळू भरून तींत ही लहान कुंडी पुरून ठेवावी. वाळू ओली राहिली कीं मुळें तापत नाहींत आणि पाणीही थोडकें लागतें. खत या दिवसांत देऊं नये.

एवढी तजवीज होण्यासारखी नसेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: कोरफड आणि पानफुटी लावा. हीं मांसल झाडें दिवसा पानांचीं रंध्रें मिटून बसतात व रात्रीं हवा आंत घेतात. म्हणून त्यांचें पाणी उडून जात नाहीं. हायने नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतच पानफुटीचें पान चाखून पाहिलें, तों तें सकाळीं आंबट व दुपारीं बेचव लागलें. रात्रीं सांठलेलें आम्ल दिवसा खर्च होतें याची ती खूण होती. त्याचें तें पत्र १८१५ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीनें छापलें. (आपण मात्र पानें चाखूं नयेत.) या झाडांनाही मे महिन्यांत दुपारची सावली हवी, सिमेंटच्या गच्चीवर कुंडींतलीं मुळें अक्षरशः शिजतात. उलट पावसाळ्यांत त्यांना वळचणीखालीं घ्यावें, नाहीं तर तीं कुजतात.

नाताळच्या निवडुंगाचें नवें रोप करणें सोपें आहे. आषाढ-श्रावणांत दोन-तीन पेरांचा तुकडा हातानें पिळून काढावा, एक-दोन दिवस सावलींत सुकूं द्यावा आणि दमट मिश्रणांत बोटभर खोंचावा. तीन-चार आठवड्यांत मुळें धरतात. असे चार-पांच तुकडे एकाच कुंडींत लावले म्हणजे ती लवकर भरते. आणि मूळ रोप उन्हाळ्यांत गेलेंच, तर शेजारीं दिलेल्या तुकड्यांतून तें परत मागून आणतां येतें.